म्हाताऱ्या बोक्याचा भार निसर्गावर टाकू नका

‘जनावर आहे ते. निसर्ग बघून घेईल त्याचं.’

देवळाली प्रवरात काय किंवा राहुरी तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर काय, बिनमालकाच्या म्हाताऱ्या मांजराचा विषय निघाला की बोलणं या वाक्यावर येऊन थांबतं. बोलणारी माणसं दुष्ट नसतात. गाय अडली तर तीच माणसं गोठ्यात रात्र जागवतात, डॉक्टरला मोटारसायकलवर बसवून घेऊन येतात. पण वर्षानुवर्षं परसात वावरलेला, कुणाच्या हाताला कधीच न लागलेला बोका दात पडून खंगला, भिंतीच्या कडेकडेनं चालू लागला, की निसर्गाचं नाव पुढे केलं जातं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. मला या वाक्याचा प्रतिवाद करायचा आहे. ते वस्तुस्थिती म्हणून खोटं आहे, आणि माणुसकीच्या कसोटीवरही ते टिकत नाही.

आधी वस्तुस्थिती. देवळालीच्या आसपास निसर्ग म्हणून बोट दाखवावं असं काय उरलं आहे? भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेच्या पाटांना भरवशाचं पाणी आलं, आणि जिथे बाजरी पेरून आभाळाकडे बघत बसायचं तिथे ऊस उभा राहिला. मागून साखर कारखाने आले. ऊस वर्ष वर्ष शेतात उभा राहतो, त्यात पाचट साचतं, त्या पाचटाखाली उंदीर आणि घुशी बिळं करतात. त्याच फडात बिबट्याला आडोसा मिळाला आणि माद्या तिथेच विऊ लागल्या. हे सगळं आपण केलं आहे. त्याचा फायदाही आपणच घेतला, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग पाटापलीकडच्या उसाला रान म्हणायचं आणि म्हातारं मांजर पोत्यात घालून तिथे सोडून यायचं, आणि वर त्याला ‘निसर्गाच्या स्वाधीन केलं’ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

त्या उसात त्याचं काय होतं, हे अंदाजानं सांगायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते काय खातात याचा अभ्यास केला. ‘ओरिक्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आहे. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात राहणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, आणि मांजरांचा वाटाही लक्षणीय होता. म्हणजे तरणं, झाडावर सरसर चढणारं मांजरही जिथे वाचेल याची खात्री नाही, तिथे आपण सांधे धरलेलं, नीट न दिसणारं मांजर नेऊन ठेवतो. बिबट्यातून वाचलं तर कुत्री आहेत. कुत्र्यांतून वाचलं तर उंदरांसाठी टाकलेलं झिंक फॉस्फाईडचं आमिष खाऊन मेलेला उंदीर आहे, कारण पळता उंदीर पकडायची ताकद गेलेलं मांजर मेलेला किंवा पेंगणारा उंदीरच उचलतं. नाहीतर नगर-मनमाड रस्ता आहेच. यातल्या कुठल्या गोष्टीवर माणसाचा हात नाही?

मांजराच्या बाबतीत तर निसर्गाचा दावा आणखीच लटका पडतो. आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आपलं घरचं मांजर आलं. शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. आपल्या प्रवरेच्या काठचं दायमाबाद त्या मानानं अलीकडचं. तिथे १९७४ साली तांब्या-काशाच्या मूर्ती निघाल्या. त्यात बैलजोडीचा रथ आहे, हाकणारा माणूस आहे, आणि रथाच्या दांड्यावर उभा असलेला कुत्रासुद्धा आहे. मांजर त्यात नाही. रथात बसायचा मान मांजराला कुणी दिला नाही, त्यानंही तो मागितला नाही. पण कणगी जिथे भरली तिथे ते आलं आणि राहिलं. बिनमालकाचं असो की दूध पिऊन चुलीपाशी झोपणारं असो, त्याची जात एकच आहे, आणि ती आपल्या उंबऱ्याच्या आसपास घडली आहे. तुमच्या वळचणीला राहणारा बोका रानातून चुकून आलेला नाही. त्याच्या आईनं तुमच्या सरपणाच्या ढिगाखाली पिलं घातली, म्हणून तो तिथे आहे.

दुसरं म्हणणं असं: ‘आमचं नाहीच ते. आम्ही पाळलं नाही, नाव ठेवलं नाही, मग आमच्यावर बांधिलकी कसली?’

याचं उत्तर धान्याच्या खोलीत आहे. ज्या घराच्या आवारात बोका फिरतो त्या घरात पोती कमी कुरतडली जातात, हे इथल्या प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि पुढे वऱ्हाडापर्यंत पसरला, तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगाव पाहून लिहिलं की ज्या घरांत आणि गावांत मांजरं भरपूर आहेत तिथे प्लेगचा उपद्रव कमी दिसतो. लोकांनी मांजरं पाळावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा लेख १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आज कुणी प्लेगवर उपाय म्हणून मांजर सुचवणार नाही, पिसवांचा आणि उंदरांचा बंदोबस्त वेगळ्या रीतीनं करावा लागतो. तरीही १९९४ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे घरोघरी मेलेला उंदीर दिसतो का, हे भीतीनं पाहिलं जात होतं, ते ज्यांना आठवतं त्यांना उंदराची किंमत सांगावी लागणार नाही. त्या बोक्यानं वर्षानुवर्षं आपल्या घराची चाकरी केली. पगार म्हणून त्यानं फक्त वळचणीची जागा घेतली. चाकरी घेताना ‘हा आमचा नाही’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

तरी मी फक्त उपयोगावर बोट ठेवणार नाही. उपयोगाचाच हिशेब करायचा तर दात पडलेल्या बोक्याचा उपयोग संपला, आणि समोरचा लगेच तेच म्हणेल. आपण बैलाच्या बाबतीत असा हिशेब करत नाही. पोळ्याला म्हाताऱ्या बैलाच्याही शिंगांना रंग लागतो, त्याच्याही तोंडात पुरणपोळी जाते, आणि ज्या शेतकऱ्यानं नाइलाजानं जुना बैल विकला तो त्या दिवशी घरात नीट जेवत नाही. हे आपल्यात आहे. ते मांजरापर्यंत पोचत नाही, कारण बैलाला वेसण आहे आणि मांजराला नाही. ज्यानं मान झुकवली त्याच्यापुरतीच आपली दया असेल तर ती दया अपुरी आहे. शिर्डी आपल्यापासून लांब नाही. साईसच्चरितातली तर्खडबाईंची गोष्ट इथे बहुतेक घरांत ऐकलेली असते: भुकेल्या कुत्र्याला बाईंनी भाकरी घातली, आणि ती आपल्यालाच पोचली असं बाबांनी सांगितलं. तो कुत्रा कुणाचा, असं बाबांनी विचारल्याचं त्या गोष्टीत नाही.

ज्यांना श्रद्धेची भाषा नको त्यांच्यासाठी कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११. जनावराला पुरेसं खायला-प्यायला न देण्याचा गुन्हा तिथे मालकापुरता आहे. पण भुकेनं किंवा तहानेनं हाल होतील अशा जागी जनावर टाकून येण्याचा गुन्हा कुणीही केला तरी गुन्हाच आहे. पोत्यात घालून पाटापलीकडे सोडणं यात बसतं. विष घालून मारणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालीही येतं, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गावात हे बोललं जात नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते सांगायला हवं, कारण हे वाक्य म्हणणारे पुढचं बघायला थांबत नाहीत. म्हाताऱ्या मांजराला सर्वांत जास्त सतावतात त्या तीन गोष्टी: मूत्रपिंड, दात आणि सांधे. मूत्रपिंड थकलं की लघवी पातळ आणि भरपूर होते, शरीरातलं पाणी निघून जातं, आणि मांजर सारखं पाण्याच्या शोधात राहतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे जनावरांच्या हौदाचा काठ उंच आणि पाणी खोल, म्हणजे म्हाताऱ्या मांजराला ते दिसतं पण मिळत नाही. दातांच्या मुळाशी पू झाला की भूक असूनही खाता येत नाही. मांजर भांड्यापाशी येतं, वास घेतं, एक घास उचलतं आणि दचकून मागे सरतं. लोक म्हणतात, ‘बघा, खायला दिलं तरी खात नाही, माजलंय.’ ते माजलेलं नसतं, त्याचं तोंड दुखत असतं. सांध्यांचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या एका जुन्या, पुष्कळदा दाखला दिल्या जाणाऱ्या पाहणीत, बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, फक्त उडी मारायचं सोडतं. अंग चाटून स्वच्छ करणं सोडतं, म्हणून पाठीवर केसांच्या जटा होतात. नखं झिजत नाहीत, ती वाढून वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात. रानटी प्राण्याला असं म्हातारपण सहसा भोगावं लागत नाही, कारण रानात फार थोडे इतके जगतात. हे म्हातारपण आपल्या आवारात मिळालेल्या आडोशानं त्याला लाभलं आहे. अर्धवट आधार देऊन शेवटच्या टप्प्यावर हात काढून घ्यायचा, याला निसर्ग म्हणता येणार नाही.

‘मांजर मरायला स्वतःच घर सोडून जातं, त्याला कळतं,’ असंही ठामपणे सांगितलं जातं. आजारी मांजर लपतं, हे खरं. अंगात त्राण नसलेल्या जनावराला सर्वांत मोठी भीती कुत्र्याची आणि दुसऱ्या बोक्याची असते, म्हणून ते कडब्याच्या गंजीमागे, पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात, मोटारीच्या घरात जाऊन बसतं. ते मरण पत्करून गेलेलं नसतं, ते घाबरून गेलेलं असतं. शोधलं तर सापडतं, आणि पुष्कळदा वेळेवर पाणी आणि औषध मिळालं तर उठूनही बसतं. ‘गेलं ते’ म्हणून न शोधणं, ही आपली सोय आहे.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या माणसांशीही भांडलं पाहिजे. शहरातून सुट्टीला आलेली पोरं म्हणतात, ‘आत्या, पकडून घरात ठेव ना त्याला, पलंगावर झोपव.’ त्यांची माया खरी आहे, पण हा मार्ग चुकीचा आहे. मांजराच्या पिलाला माणसाची सवय लागण्याचा काळ जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंतचा असतो. त्या काळात ज्याच्या अंगावर माणसाचा हात फिरला नाही, त्याच्यासाठी तो हात आयुष्यभर कुत्र्याच्या जबड्यासारखाच राहतो. म्हाताऱ्या रानवट बोक्याला खोलीत कोंडणं म्हणजे त्याला रोज मरणाची भीती दाखवणं. तो खाणं सोडेल, खिडकीच्या गजांवर नाक फोडून घेईल. त्याची काळजी त्यानं ठरवलेल्या अंतरावरूनच घ्यावी लागते. आपल्याला त्याच्याकडून काही मिळणार नाही, तो मांडीवर येणार नाही, कदाचित शेवटपर्यंत फिस्कारेल, हे मान्य करूनच भांडं ठेवायचं. मला स्वतःला ही काळजी याच कारणासाठी मोलाची वाटते. हात फिरवून घेणाऱ्या मांजराची सेवा करताना आपल्यालाही सुख मिळतं. इथे ते मिळत नाही, तरी काम तेवढंच करावं लागतं.

आणि ते काम फार अवघड नाही. आमच्या परसातल्या म्हाताऱ्या बोक्यासाठी जे करतो त्यातलं बरंच चुका करणाऱ्या घरांकडे बघून आणि डॉक्टरांना विचारून ठरवलेलं आहे. उथळ, रुंद तोंडाची पाण्याची दोन-तीन भांडी, सावलीत, खाण्यापासून थोडी लांब, कारण खाण्याला चिकटून ठेवलेलं पाणी मांजरं पुष्कळदा टाळतात. खाणं मऊ. दूध-भाकरी नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. आणि मांजर मुळात मांसावर जगणारं जनावर आहे, टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते नसेल तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. हळद-मीठ-कांदा न घालता उकडलेलं चिकन, हाडं काढून, उकडलेल्या पाण्यासकट, अधूनमधून अंडं, आणि मिळालं तर दुकानातलं मांजराचं कोरडं खाणं पाण्यात भिजवून. निवाऱ्याला पत्र्याखाली एक फळ्यांचा खोका, जमिनीपासून वीतभर उंच, आत गोणपाट, आणि चढायला मध्ये एक वीट. पौषात पहाटेचा गारठा म्हाताऱ्या सांध्यांना किती बोचतो, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. मांजराला माणसाचं औषध देऊ नका. तापाची पॅरासिटामॉलची गोळी, जी आपण लहान मुलालाही मोजून देतो, तिचा एक तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो, कारण ती निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. गाई-म्हशींच्या गोचिडांवर आपण जे औषध पाण्यात मिसळून फवारतो, ते मांजराच्या अंगाला लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनसारख्या द्रव्यांनी मांजराला झटके येतात. जखमेवर फिनेल ओतू नका. चांगल्या हेतूनं केलेल्या या उपायांनी मांजरं मरतात, आणि मग त्यालाही म्हातारपणाचं नाव दिलं जातं.

विरोधकांचे काही मुद्दे मात्र खरे आहेत, आणि ते बाजूला सारून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

‘खायला घातलं की मांजरं वाढतात.’ शस्त्रक्रिया न करता नुसतं खायला घातलं तर वाढतात, खरं आहे. भाटी सहा महिन्यांची होण्याआधीही गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. म्हणून खायला घालणाऱ्यावर नसबंदीची जबाबदारी येते. पण हा मुद्दा म्हाताऱ्या मांजराचं भांडं काढून घेण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो लागू होत नाही. म्हाताऱ्या भाटीची नसबंदी करता येते का, हे तिची तब्येत बघून डॉक्टर सांगतील. म्हाताऱ्या बोक्याची केली तर त्याची भांडणं कमी होतात, आणि भांडणातल्या चाव्यांमधून मांजरामांजरांत पसरणारे रोगही कमी होतात.

‘चावलं तर? रेबीज?’ मांजरापासून रेबीज होऊ शकतो, यात दुमत नाही. ओरखडा किंवा चावा आला तर जखम वाहत्या पाण्यानं साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. मांजर आपल्या ओळखीचं आहे म्हणून थांबायचं नाही. पण रेबीजचा धोका मांजर नजरेसमोर असल्यानं वाढत नाही. रोज येणारं मांजर लस टोचून घेण्यासाठी पकडता येतं, त्याच्या चालीतला बदल लगेच कळतो. उसात सोडलेल्या मांजराचं यातलं काहीच कळत नाही. गरोदर बायकांना घाबरवण्यासाठी सांगितला जाणारा टॉक्सोप्लाझ्माही असाच. मांजर त्या जंतूची अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, तरुणपणी, काही आठवडे बाहेर टाकतं. ती अंडी संसर्गजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. गरोदर बाईनं मांजराची घाण उचलू नये, मातीत काम केल्यावर हात धुवावेत, भाजी धुवावी, मांस नीट शिजवावं. एवढं केलं की परसातल्या म्हाताऱ्या बोक्याला हाकलायचं कारण राहत नाही. आणि मांजराचा केस पोटात गेल्यानं दमा होतो, ही समजूत आहे. काहींना मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची ॲलर्जी असते, त्यांनी लांब राहावं, बाहेर ठेवलेल्या भांड्यानं त्यांचंही काही बिघडत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पक्ष्यांचा आणि रानमांजरांचा आहे. आपल्या उसात वाघाटी आहे, बाऊल आहे. ऊसतोड करताना वाघाटीची तळहातावर मावतील एवढी पिलं सापडतात आणि वनखात्याची माणसं ती आईजवळ परत ठेवतात. घरच्या मांजरांचे रोग त्यांना लागू शकतात, संकर होऊ शकतो, आणि पोट भरलेलं मांजरही चिमणी मारतं. हे मी मान्य करते. पण याच आक्षेपाचा शेवट कुठे होतो ते बघा. वाघाटीला जपायचं असेल तर मांजर उसात जाऊ नये, घराजवळ थांबावं, लस टोचलेलं असावं, पिलं घालू नयेत आणि त्याला मांसाचं खाणं मिळावं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी मारून घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट दिसली. म्हणजे वन्यजीवांच्या नावानं जे मागायला हवं तेच मी मागते आहे, आणि ‘रानात सोडा’ म्हणणारेच वाघाटीच्या वाटेत मांजर नेऊन ठेवतात. बिबट्याचीही तीच गोष्ट. भांडं दिवसा ठेवावं, अर्ध्या तासात उचलावं, रात्री बाहेर काही उरू देऊ नये. उघड्यावर टाकलेल्या खाण्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

‘माणसांना मिळत नाही आणि तुम्ही मांजरांवर खर्च करता,’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे. बहुतेकदा ते एकट्या राहणाऱ्या, पोरं पुण्या-मुंबईला गेलेल्या म्हाताऱ्या बायकांना ऐकवलं जातं. कारण परसातल्या मांजरांना खायला घालण्याचं काम गावात त्याच करतात. ‘नातवंडं जवळ नाहीत म्हणून मांजरं,’ असंही त्यांच्या तोंडावर बोललं जातं. मला या बोलण्याचा राग येतो. ज्या बाईनं आयुष्यभर सासू-सासऱ्यांचं, दिराच्या लेकरांचं, गड्या-माणसांचं केलं, तिच्या करण्याला आता एक बोका उरला असेल तर त्यात तिचं काही कमी झालेलं नाही. तिच्यामुळे कुणी माणूस उपाशी राहिल्याचं मला दाखवा. तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला अडीचशेच्या आत उष्मांक पुरतात, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम उकडलेलं चिकन. गरिबाच्या ताटातलं अन्न या भांड्यात आलेलं नाही. माणसासाठी झटणारी आणि जनावरासाठी झटणारी माणसं पुष्कळदा एकच असतात. हा वाद घालणारे मात्र दोन्हीकडे फारसे दिसत नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि यावर आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ आहे. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. तिनं पुष्कळ मांजरांना काठीपासून वाचवलं असेल. पण तिच्याच भीतीनं, ज्याची मूत्रपिंडं पूर्ण बंद पडली आहेत, जे उठू शकत नाही, ज्याच्या जखमेत किडे पडले आहेत, असं मांजर गंजीमागे दिवसेंदिवस तडफडत पडतं, आणि ‘आपल्या हातून पाप नको’ म्हणून कुणी डॉक्टरला बोलवत नाही. पशुवैद्यक आधी भूल देतात आणि मग शेवटचं इंजेक्शन देतात. जनावराला त्यात कळ येत नाही. बरं होण्याची आशा संपली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो निर्णय घेणं, हा काळजीचाच भाग आहे. नुसतं म्हातारं झालं, घाण करतं, बघवत नाही, या कारणांसाठी तो घेऊ नये. पाणी पीत असेल, भांड्यापाशी येत असेल, उन्हाला सरकून बसत असेल, तर त्याला जगू द्यावं.

पण डॉक्टर कुठून आणायचा? आपल्याकडची सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था गाई-म्हशी आणि शेळ्यांभोवती उभी राहिली. दुधावर घरं चालतात त्या भागात ते योग्यच होतं. मांजर घेऊन गेलं की पिंजरा नाही, लहान जनावराच्या भुलीची सोय नाही, आणि न हाताळता येणारं मांजर तपासायची सवयही नाही. प्राण्यांच्या जन्म नियंत्रणाचे २०२३ चे केंद्राचे नियम प्रामुख्यानं कुत्र्यांसाठी आखलेले आहेत, आणि छोट्या नगरपरिषदांत कुत्र्यांचंच काम पुरं होत नाही, तिथे मांजरांचं नाव निघत नाही. म्हणून माझी मागणी देवळाली प्रवरा नगरपरिषदेकडे आहे, आणि ती लहान आहे: पकडण्याचे चार-पाच सापळा-पिंजरे नगरपरिषदेनं घ्यावेत आणि ते मागेल त्याला नोंद करून वापरायला द्यावेत. लहान जनावरांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना महिन्यातून एक दिवस बोलवावं, त्या दिवशी नसबंदी, रेबीजची लस आणि म्हाताऱ्या मांजरांची तपासणी व्हावी. ज्या घरांतून मांजरांना खायला घातलं जातं त्यांची नावं घ्यावीत, कारण कुठलं मांजर कुठे येतं, कोण आजारी आहे, कुणाला पिलं झाली, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पहिला दिवस दिवाळीआधी ठेवावा. त्यानंतर गळीत हंगाम सुरू होतो, फड तुटू लागतात, आणि उसातली सगळी जनावरं घरांकडे सरकतात.